गंजाला तेल

एकदा काय झालं, जाम झालेली इंजिनं सोडवणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे चाळिशी ओलांडलेली एक बाई शिकायला आली.

मिस्त्रींचं नाव इराप्पा, पण त्यांना नावानं हाक मारणारं कुणी गावात उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते आप्पा. गाव तंबाखूच्या पेठेचं. रस्ता घाटाकडे वळतो तिथे, करंजाच्या चार झाडांखाली त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्या दारात नवी गाडी कधी दिसत नसे. येत त्या फार जुन्या गाड्या. कुणाच्या पणजोबांची, कुठल्या संस्थानिकाची, वखारीत किंवा गोठ्यात वर्षानुवर्षं उभी राहून जिचं इंजिन आतल्या आत गंजलं आणि दगडासारखं घट्ट झालं अशी. या गाड्या आप्पांच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने निजून राहत. सकाळच्या धुक्यातून पाहिलं तर त्या डोहात बसलेल्या म्हशींसारख्या दिसत. आणि मग एखाद्या दिवशी त्यांतली एक जागी होई.

बाईचं नाव शैलजा चौगुले. एका प्रशिक्षण संस्थेत पंधरा वर्षं तिनं मुलांना फिटरचं काम शिकवलं होतं. केसाच्या जाडीइतकी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि ज्याच्या हातून ती चूक झाली त्यालाही ती सहजासहजी सोडत नसे. एकदा घाटात तिची बस तापून उभी राहिली असताना खालच्या वळणावरून एक काळी, उंच चाकांची, फार जुनी मोटार शांतपणे वर आली. इंजिनाचा आवाज इतका मऊ होता की रस्त्याकडेच्या झाडावरचे बगळेसुद्धा उडाले नाहीत. गाडी दिसेनाशी झाली तरी शैलजा त्या वळणाकडे पाहत राहिली. हे काम कुणाचं, एवढंच विचारत विचारत ती आप्पांच्या दारात येऊन पोचली. आपण काय शिकवत होतो ते सांगून म्हणाली, "मला शिकायचंय."

आप्पांनी आधी तिचे हात पाहिले. नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ होती. "शिकवणाऱ्या बाई तुम्ही," ते म्हणाले, "शिकायला जमंल?"

"जमवीन."

"मग उद्यापासनं या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं. 'बाई' मात्र म्हणतच राहिले.

असं दीड वर्ष गेलं. श्रावण संपता संपता एका सकाळी जिनाप्पा शेठ आले. तंबाखूचे जुने व्यापारी, वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. सुनेच्या हाताला धरून ते शेडच्या दारात उभे राहिले. त्यांच्या मागे ट्रॅक्टरनं ओढून आणलेली एक मोटार होती. काळा रंग उडालेला, टपाचं कापड फाटलेलं, आणि सगळ्या अंगाला वखारीतल्या तंबाखूचा तिखट वास.

"वडिलांची गाडी, आप्पा," शेठ म्हणाले. "सव्वीस वर्षं उभी आहे. ज्या कंपनीची, ती कंपनी कधीच मिटली. हिच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सगळा ओतीव सांगाडाच, फुटला तर दुसरा आता मिळायचा नाही. म्हणून कुणाला हात लावू दिला नाही."

"चालवणार कोण?" आप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही. मला ती फक्त ऐकायचीय." पाहायला डोळे नसले तरी शेठ कुठेतरी दूर पाहत असल्यासारखे दिसत होते. "वडील संध्याकाळी खालच्या बाजारातून परतायचे. घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडीचा आवाज बदलायचा. माणूस चढ संपताना दम घेतो ना, तसा. तो कानावर आला की आई तवा चुलीवर ठेवायची. गाडी दारात उभी राहायला आणि पहिली भाकरी फुगायला एकच गाठ पडायची. तेवढा आवाज एकदा ऐकायचाय. मग गाडी कुणी नेली तरी चालेल."

आप्पांनी बॉनेट उघडलं, गार लोखंडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. शैलजानं बाजूला जाऊन नट खोलायचे पाने मांडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं. चार सिलिंडर उघडे पडले. म्हणजे लोखंडाच्या चार उभ्या विहिरीच, आणि प्रत्येकीत एक पिस्टन अडकून बसलेला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या विहिरीत गंज होता, पण पातळ. तिसरीत मात्र काताच्या वड्या लावाव्यात तसा तपकिरी थर चढला होता.

आप्पांनी चारही सिलिंडरांत रॉकेल आणि तेलाचं मिश्रण ओतलं आणि वर फडकं झाकलं. शैलजानं सुचवलं, दाब देणारं यंत्र लावून पिस्टन एका दिवसात खाली ढकलता येतील. आप्पांनी नकाराची मान हलवली. रोज सकाळी ते फडकं उचलत आणि तेल किती खाली गेलं ते काडीनं पाहत. मग प्रत्येक पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीनं तीन हलके ठोके देत आणि निघून जात. शेडमध्ये दिवसभर त्या ठोक्यांचा नाद राहिल्यासारखा वाटे. शेठ रोज येऊ लागले होते. दारातल्या एका लोखंडी बैठकीवर घडी घातलेलं पोतं टाकून ते बसत आणि ठोके ऐकत. कधी विचारत, "आज तिसऱ्याचा आवाज निराळा आला का हो?" आणि बहुतेक वेळा तो निराळा आलेला असे.

अकराव्या दिवशी आप्पांनी इंजिन फिरवायच्या हँडलला हात घातला आणि ते उलट्या बाजूला, अगदी नखाएवढं फिरवलं. आतून एक उसासा आल्यासारखा झाला. मग नखाएवढं पुढे, बोटाएवढं मागे, असं करता करता दुपारपर्यंत इंजिन एक पूर्ण फेरा फिरलं. दारात बसलेल्या शेठनी पागोट्याला हात लावून नमस्कार केला. कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

पिस्टन बाहेर निघाले, ब्लॉक स्वच्छ धुऊन बाकावर आला, आणि आता शैलजाचं काम सुरू झालं. आप्पांनी खडू घेऊन प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन रेघा ओढल्या, एक वर, एक खाली. "ह्या रेघेपासनं त्या रेघेपर्यंत पिस्टनच्या रिंगा फिरत्यात," ते म्हणाले. "एवढीच त्यांची वाट. एवढंच तुझं काम."

शैलजानं घासणीचा दगड लावला. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर आठवडाभरात आरशासारखे झाले. तिसऱ्यातला काताचा थरही गेला, पण त्याच्या जागी काळसर सावल्या राहिल्या. ढगांच्या असाव्यात तशा. ती घासत राहिली. सावल्या फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. दिव्याच्या उजेडात त्या तिच्याकडे पाहत असत. तिला त्यांचा राग येऊ लागला.

रोज दुपारी डबा खाल्ला की शैलजा करंजाखाली बसून एक कागद काढी. त्यावर आकडे घालून काही लिहिलेलं असे. ती एखादं वाक्य खोडी, दुसरं लिही, पुन्हा वाची. आप्पा ते वर्षभर पाहत होते. एकदा त्यांनी विचारलं, "किती झालं?"

"सात," शैलजा म्हणाली.

"कशाचं?"

"प्रश्न आहेत. माझ्या मोठ्या बहिणीला विचारायचे."

तिची बहीण, कुसुमअक्का, हिरण्यकेशी नदीच्या काठच्या एका गावात दिली होती. आठ वर्षांपूर्वी आई अक्काकडे राहायला गेली, तिथेच आजारी पडली आणि तिथेच गेली. आईची तब्येत बिघडल्याचं शैलजाला अक्कानं कळवलं नाही. कळवलं ते शेजारच्या एका माणसानं, आणि तेही सगळं आटोपल्यावर. शैलजा पोचली तेव्हा अंगणात फक्त नुकती धुतलेली ओली फरशी होती. त्या फरशीवर उभं राहून ती अक्काला जे बोलली, ते दोघींनाही शब्दन्‌शब्द आठवत होतं. त्यानंतर भेट नाही. मात्र दर दिवाळीच्या आधी अक्काचं एक पोस्टकार्ड येई. त्यावर एकच ओळ: 'दिवाळीला ये.' शैलजा उत्तर लिहायला बसे. आधी सगळ्याचा उलगडा झाला पाहिजे, मग बाकीचं, असं तिचं म्हणणं. मंगळवारी ताप चढला तर फोन बुधवारीही का केला नाही? डॉक्टर कुणी ठरवला? माझ्यासाठी दोन तास थांबता आलं नसतं का? असे सात. दर वर्षी शब्द जरा बदलत, आकडा तोच राही, आणि दिवाळी निघून जाई.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, आणि उठून गेले.

यंदाचं कार्डही येऊन पडलं होतं.

गुरुवारी आठवड्याचा बाजार. आप्पा पिशवी घेऊन गावात गेले. शैलजानं तिसऱ्या सिलिंडरमध्ये दिवा सोडला आणि त्या सावल्यांकडे पाहिलं. आज यांचा निकाल लावायचा, असं तिनं ठरवलं. दगडानं जात नाहीत तर सिलिंडर बोअर करायचा, म्हणजे आतली भिंत यंत्राच्या पात्यानं कातून तेवढं भोक मोठं करायचं. सगळ्या सावल्या भुग्याबरोबर निघून येतील. तिनं यंत्र ब्लॉकवर चढवलं, पातं बसवलं, माप घेतलं. किती कातायचं? सावली पुसेपर्यंत. बटणापाशी बोट नेताना तिला फार हलकं वाटत होतं. तापातून उठल्यावर वाटतं तसं.

"बाई."

आप्पा दारात उभे होते. बाजार लवकर आटोपला होता. ते रागावले नाहीत. पिशवी खाली ठेवून त्यांनी खिशातली छोटी हातोडी काढली आणि ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला एकेका सिलिंडरपाशी ठोका दिला. ठण्. ठण्. तिसऱ्यापाशी आवाज चपटा आला, मडक्यावर टिचकी मारावी तसा. चौथ्यापाशी पुन्हा ठण्.

शैलजाचं बोट बटणावरून आपोआप मागे आलं. तिला कळलं होतं. ब्लॉक ओतताना साचा किंचित सरकला असणार. एका बाजूनं भिंत आधीच पातळ होती, आणि भिंतीच्या पलीकडे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची जागा. पातं फिरलं असतं तर ते थेट तिथे निघालं असतं. जगात दुसरा नसलेला ब्लॉक तिच्या हातून फुटला असता. ती बाकाला टेकली.

आप्पांनी सावकाश यंत्र उतरवलं. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "शेठ, जरा आत या की."

शेठ भिंत चाचपत आत आले. आप्पांनी त्यांचा उजवा हात धरला आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये घातला. "दोन रेघा हाइत खडूच्या. त्यांच्या मधोमध अंगठा फिरवा. कसं लागतंय सांगा."

जिनाप्पा शेठनी साठ वर्षं तंबाखूचं पान अंगठ्यानं पारखलं होतं. डोळे गेल्यावरही पेठेतले लोक पान घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांनी मान कलती केली आणि अंगठा वर-खाली, गोल फिरवला. घाई नव्हती. शैलजाचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे होतं. तो बरोबर त्या काळ्या सावल्यांवरून जात होता.

"उत्तम," शेठ म्हणाले. "पहिल्या तोडणीच्या पानाची पोटाकडची बाजू असते, तशी."

"कुठं अडतंय?"

"नाही बुवा. का? अडायला पाहिजे होतं?"

आप्पा हसले. त्यांनी शेठना परत बैठकीवर नेऊन बसवलं. मग त्यांनी जे केलं ते शैलजानं दीड वर्षात कधी पाहिलं नव्हतं. तेलाची वाटी घेऊन त्यांनी स्वच्छ सुती फडक्याचं टोक तिच्यात बुडवलं आणि ते तिसऱ्या सिलिंडरच्या तळाशी, खडूच्या खालच्या रेघेखाली नेलं. तिथे जुना गंज अजून तसाच होता, खरखरीत आणि तपकिरी. त्या गंजाला आप्पा हळूहळू तेल चोळू लागले. बाळाच्या टाळूवर घालतात तितक्या जपून.

"आप्पा," शैलजा न राहवून म्हणाली, "गंजाला तेल?"

आप्पांचा हात थांबला नाही.

"बाई, रिंग जिथनं फिरती तिथं बोटाला जे अडतं ते काढायचं. त्यात कणभर कसर ठेवायची न्हाई. ते तू केलंस. आता राहिली ती सावली. ती डोळ्यांना दिसती, पण रिंगला कुठं डोळं असत्यात? आणि हा रेघेखालचा गंज. ह्याच्यापर्यंत इंजिन कधी येतच न्हाई. ह्याला खरवडत बसलो तर भिंत जाईल, आणि भिंतीपल्याड पाणी हाय. कोरडा सोडला तर हा वाढत वाढत वाटेत येईल. म्हणून ह्याला काढायचंबी न्हाई आणि विसरायचंबी न्हाई. तेल लावून हाय तिथं ठेवायचं." त्यांनी फडकं बाहेर काढलं आणि ते तपकिरी झालं होतं त्याकडे पाहिलं. "सव्वीस वर्षं उभं राहिलेलं इंजिन कोरं होत नसतं. ते चालतं झालं म्हणजे झालं."

आप्पांनी दाराकडे बोट दाखवलं. "शेठ बसल्यात ते काय हाय, ठाऊक हाय तुला?"

दीड वर्ष ती स्वतःही त्यावर बसत होती. तिनं आज पहिल्यांदा नीट पाहिलं. पोत्याखाली एक इंजिनाचा ब्लॉक होता, उलटा ठेवलेला.

"मी तवा तुझ्याहून लहान हुतो," आप्पा म्हणाले. "एका राजेसाहेबांची गाडी. शेवटला डाग राहिला हुता. माझ्या हाताला डाग राहिलेला चालायचा न्हाई. काढला. गाडी अशी चालली म्हणून सांगू! पुढच्या उन्हाळ्यात घाटात भिंत फुटली, पाणी आत शिरलं. गाडीत माणसं हुती. देवाची कृपा, कुणाला काही झालं न्हाई." त्यांनी वाटी फळीवर ठेवली. "डाग मात्र एकबी न्हाई त्यात. बघ हवं तर."

शैलजानं पाहिलं नाही. तिनं दिवा विझवला. दुपारच्या मंद उजेडात सिलिंडर चार अंधाऱ्या विहिरींसारखे दिसत होते, आणि त्यांतली तिसरी कुठली ते आता ओळखू येत नव्हतं.

वसुबारसेच्या पहाटे इंजिन गाडीत बसलेलं होतं. घाटातून धुकं वर चढत होतं. आप्पांनी हँडल शैलजाच्या हाती दिलं. पहिला फेरा कोरडा गेला, दुसरा कोरडा गेला. तिसऱ्याला इंजिन खोकलं, निळसर धूर सोडून बंद पडलं. चौथ्याला ते सुरू झालं आणि सुरूच राहिलं. पत्र्याची शेड हलक्या आवाजात गुणगुणू लागली.

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. ते ऐकत होते, हसतही होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर अजून वाट पाहणं होतं. आप्पांच्या ते लक्षात आलं. त्यांनी शेडमधून शाल आणली, गाडीत बसले आणि एकट्यानं गाडी घाटात खाली नेली. आवाज धुक्यात बुडत बुडत नाहीसा झाला.

शैलजा आणि शेठची सून शेठना मधे घेऊन रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. करंजाच्या पानांवरून दव टपकत होतं. कुठे एखादा कोंबडा आरवला, पुन्हा शांत झालं. किती वेळ गेला कळेना. मग फार खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज येऊ लागला. तो एका वळणाला लपे, दुसऱ्याला पुन्हा येई. शेठनी सुनेचा हात सोडला. आवाज शेवटच्या वळणावर आला आणि बदलला. किंचित जड झाला, थबकला, आणि चढ संपताना मोकळा सुटला.

"तवा ठेव," शेठ पुटपुटले.

सुनेनं पदर तोंडाला लावला. धुक्यातून दोन पिवळे दिवे वर आले.

शैलजाला मात्र त्या क्षणी कळेना, आपल्याला रडू का येतंय. गाडी शेठची, आवाज शेठच्या घरचा. पण कुणीतरी कुणाची तरी चाहूल ओळखतं आणि चुलीशी उठून जातं, एवढंच तिच्या मनात राहिलं, आणि त्या चुलीशी तिला आपली आई दिसली.

त्याच दिवशी दुपारी ती बसमध्ये बसली. पर्समध्ये तो कागद होता. तिनं तो उलगडला आणि एकेका प्रश्नावर थांबून स्वतःला विचारलं, हा मला रोज कुठे अडतो? डॉक्टर कुणी ठरवला? नाही अडत. दोन तास का थांबला नाहीत? एके काळी अडला असेल, आता त्याच्या नुसत्या खुणा होत्या. बुधवारचा फोन? तिला आश्चर्य वाटलं, तोही नाही. सातही झाले. खिडकीबाहेर उसाचे मळे मागे मागे सरकत होते. तरी काहीतरी अडतच होतं. बाजारात कुणी कुणाला, आई मारायची तशी, 'शैला' म्हणून हाक मारली की तिची मान वळायची आणि मग छातीत काहीतरी खरखरायचं. तो प्रश्न कागदावर नव्हताच. तो तिनं आठ वर्षांत एकदाही लिहिला नव्हता.

अक्काच्या दारात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. अक्का अंगणात रांगोळीचे ठिपके घालत होती. केस पिकले होते. तिनं वर पाहिलं आणि चिमटीतली रांगोळी तशीच सांडत राहिली.

"आलीस," ती म्हणाली.

"आले."

दोघी आत गेल्या. चहा झाला. अक्का घरातल्या कुणाकुणाचं सांगत राहिली. बोलताना ती शैलजाच्या डोळ्यांकडे पाहत नव्हती. पुढे काय येणार हे तिला ठाऊक होतं आणि ती त्यासाठी अंग चोरून बसली होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "विचार, शैला. काय विचारायचं ते विचार. मी आठ वर्षं वाट बघतेय."

"एकच विचारते," शैलजा म्हणाली. "आईनं माझं नाव काढलं होतं का गं?"

अक्कानं कप खाली ठेवला. बराच वेळ ती बशीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"शेवटचे चार दिवस ती मला ओळखत नव्हती," ती म्हणाली. "मी पाणी पाजलं की म्हणायची, शैला, आलीस गं? मी तिची कूस बदलली की म्हणायची, शैला, दमलीस. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आई, मी कुसुम. तर तिचा चेहरा असा उतरला, काय सांगू. मग मी तसं पुन्हा म्हटलं नाही. शैला म्हणून हाक मारली की मीच ओ द्यायची. चार दिवस दिली." तिनं कप दूर सरकवला. "फोन हातात घ्यायची मी. खरंच घ्यायची. आणि वाटायचं, खरी शैला आली तर मग मी कोण?"

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मुलं पणत्या मांडत होती. स्वयंपाकघरात उजेड उतरत चालला होता आणि दिवा लावायला दोघींपैकी कुणी उठलं नाही. शैलजा उठली आणि बहिणीच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, जमिनीवर बसली.

"अक्का," तिनं हाक मारली.

"ओ," अक्का म्हणाली.